हुकूमशहाला हसताना

तमाशातला सोंगाड्या राजासमोर उभा राहून राजालाच चार शब्द सुनावतो आणि फडासमोर बसलेली मंडळी पोट धरून हसतात. हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण तमाशातला राजा गोष्टीतला असतो. राजा खरा असेल, जिवंत असेल, त्याच्या फौजा शेजारचे देश गिळत असतील आणि त्याच्या तुरुंगात निरपराध माणसे मरत असतील, तर त्याला हसावे काय? आणि हसून काही साधते काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे दोन जुन्या बोलपटांच्या आधारे करणार आहोत. पहिला चार्ली चॅप्लिनचा १९४० सालचा 'द ग्रेट डिक्टेटर' आणि दुसरा एर्न्स्ट लुबिच याचा १९४२ सालचा 'टु बी ऑर नॉट टु बी'.

चॅप्लिन आणि हिटलर यांचा जन्म एकाच वर्षातला, १८८९ च्या एप्रिलमधला. दोघांत अवघ्या चार दिवसांचे अंतर. मिशाही सारख्याच. एकाने जगाला हसविले, दुसऱ्याने रडविले. या साम्यावरच चॅप्लिनने कथा रचली. टोमेनिया नावाच्या देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि त्याच देशातला एक गरीब ज्यू न्हावी या दोन्ही भूमिका त्याने स्वतः केल्या. चित्रीकरण सुरू झाले ते सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध पेटले त्याच महिन्यात. न्यू यॉर्कमध्ये तो ऑक्टोबर १९४० मध्ये झळकला तेव्हा फ्रान्स पडला होता, लंडनवर बॉम्ब पडत होते आणि अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. म्हणजे हा परिहास विजयानंतरचा नव्हे. ज्याचा परिहास करायचा तो सामर्थ्याच्या शिखरावर असतानाचा आहे.

हुकूमशाही कशावर उभी असते? बंदुकीवर, हे तर खरेच. पण प्रत्येक नागरिकामागे एक शिपाई उभा करणे कोणत्याही सत्तेला परवडत नाही. म्हणून तिला देखावा लागतो. झेंडे, गणवेश, उंच व्यासपीठ, गर्जणारा आवाज, एकाच वेळी उंचावलेले हजारो हात. या देखाव्याने माणूस आतून दबतो आणि मग बंदुकीची गरज कमी पडते. विनोदकार नेमका या देखाव्यालाच हात घालतो.

हिंकेलचे पहिले भाषण पाहा. तो जर्मनसारखी वाटणारी एक अर्थहीन भाषा बोलतो; तिच्यात मधूनच खाद्यपदार्थांची नावे ऐकू येतात. तो इतका ओरडतो की समोरचा ध्वनिक्षेपक वाकून मागे सरतो. ज्यूंविषयी तो कितीतरी वेळ दातओठ खाऊन किंचाळतो आणि दुभाषा थंड आवाजात एवढेच सांगतो की महाराजांनी आता ज्यू लोकांचा उल्लेख केला. येथे प्रेक्षक खो खो हसतो. पण हसता हसता त्याला एक गोष्ट कळते. विष ओकले जात असताना सभ्य शब्दांत त्याचे भाषांतर करणारी माणसेही त्या यंत्राचाच भाग असतात. पुढे रस्त्यावरच्या दोन पुतळ्यांनीही सलामीसाठी हात उंचावलेला दिसतो. त्यांतली एक तर हात नसलेली प्रसिद्ध व्हीनस! केवळ सलामीपुरता तिला हात फुटला आहे. कलेचे हुकूमशाहीत काय होते, हे सांगायला एक व्याख्यान अपुरे पडेल. येथे ते एका क्षणात आटोपते.

पृथ्वीच्या गोलाचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. वॅग्नरच्या संगीतावर हिंकेल फुग्याचा गोल झेलतो, डोक्याने उडवतो, ढुंगणाने उडवतो, आणि शेवटी तो फुगा त्याच्या तोंडासमोर फुटतो. पण त्याला जोडूनच येणाऱ्या दृश्याकडे कित्येकांचे लक्ष जात नाही. न्हावी आपल्या दुकानात रेडिओवरच्या ब्राम्सच्या नृत्यसंगीताच्या तालावर एका गिऱ्हाइकाची दाढी करतो. एकाच नटाची ही दोन अंगे आहेत. एकाच्या हाती सारे जग, आणि त्याचा त्याला खेळण्यापलीकडे उपयोग नाही. दुसऱ्याच्या हाती एक वस्तरा, आणि त्याने तो कोणाचे तरी काम नीट करून देतो. सत्ता आणि श्रम यांतला हा फरक सांगायला चॅप्लिनला शब्दसुद्धा लागत नाही.

आम्हांला मात्र सर्वांत मर्मभेदक वाटतो तो आणखी एक प्रसंग. न्हावी पहिल्या महायुद्धात जखमी होऊन स्मृती गमावतो आणि कित्येक वर्षे इस्पितळात काढतो. मधल्या काळात राज्य कोणाचे आले, याची त्याला वार्ताच नाही. तो आपल्या दुकानी परततो तो खिडकीवर हिंकेलच्या शिपायांनी 'ज्यू' अशी अक्षरे रंगविलेली. न्हावी फडके घेऊन ती पुसू लागतो. घाण दिसली, पुसली! शिपाई चकित होतात. त्याला शौर्य गाजवायचे नाही. भ्यायचे असते हेच त्याला ठाऊक नाही. त्याच्यावाचून बाकी सारी वस्ती ही गोष्ट शिकलेली आहे. भीती ही जन्मजात नसते, ती रोज थोडी थोडी शिकविली जाते, हे या प्रसंगाने जितके स्पष्ट होते तितके मोठमोठ्या ग्रंथांनीही क्वचितच होत असेल.

जुलमाचे अर्थकारणही चॅप्लिनने सोडलेले नाही. हिंकेलला स्वारीसाठी एका ज्यू सावकाराचे कर्ज हवे असते, म्हणून वस्तीवरचा छळ एकाएकी थांबतो. शिपाई गोड बोलू लागतात. कर्ज नाकारले जाताच पुन्हा तोच छळ. ज्यू लोकांचा अपराध ना आधी काही होता, ना नंतर. नळ सोडावा आणि बंद करावा तसा द्वेष सोडला आणि बंद केला जातो.

लुबिच हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू. १९२२ पासून तो हॉलिवूडमध्ये होता. त्याची वाट निराळी. त्याच्या चित्रपटात वॉर्सातली एक नाटकमंडळी जर्मन अधिकाऱ्यांची सोंगे घेऊन खऱ्या जर्मन अधिकाऱ्यांनाच फसविते. हे शक्य होते, कारण तेथे माणूस कोणी पाहतच नाही. गणवेश आणि सलामी पुरते. शेवटी हिटलरच्या वेषातला नट विमानाच्या चालकांना खाली उडी टाकण्याची आज्ञा करतो आणि ते एक शब्दही न उच्चारता उडी टाकतात. प्रेक्षागृह हसते खरे, पण ते हसू घशात अडकते. न विचारता आज्ञा पाळणारी माणसे मिळाली की सोंग घेणारा आणि खरा यांत अंतर उरत नाही.

या चित्रपटावर त्या वेळी बरीच टीका झाली. वॉर्सा होरपळत असताना ही थट्टा कसली, असे अनेकांना वाटले. ही हरकत हलकी नाही. खुद्द चॅप्लिनने १९६४ साली आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे की, छळछावण्यांतील प्रत्यक्ष भीषणता आधी ठाऊक असती तर आपण हा चित्रपट काढू शकलो नसतो. एका थोर विनोदकाराने आपल्या कलेची सीमा अशी मोकळेपणाने सांगावी, याला आम्ही मोठेपणा समजतो.

तरीही आमचे मत असे की, पाहावे ते हसू कोणाकडे रोखले आहे याकडे. पीडिताला हसणे हे नीचपण. पीडकाला हसणे हे नव्हे. लुबिचच्या नाटकमंडळीत ग्रीनबर्ग नावाचा एक किरकोळ नट आहे. भाला धरून उभे राहण्यापलीकडे त्याला काम मिळत नाही. त्याची हौस एकच, शेक्सपिअरच्या शायलॉकचे भाषण म्हणण्याची. ते तो अखेर सशस्त्र जर्मन शिपायांसमोर म्हणतो, तेव्हा त्याला कोणीही हसत नाही. चॅप्लिनही तेच करतो. चुकून हिंकेलच्या जागी उभ्या राहिलेल्या न्हाव्याला भाषण करावे लागते, तेव्हा सोंग गळून पडते आणि एक साधा माणूस माणुसकीविषयी बोलू लागतो. येथे विनोद बिघडला, असे काही टीकाकार म्हणाले. आम्हांला वाटते, विनोद जेथवर जाऊ शकत होता तेथवर गेला आणि पुढची वाट त्याने बोलण्याला मोकळी करून दिली.

हसण्याने हिटलर पडला नाही. तो पडला रणांगणावर लक्षावधींनी दिलेल्या प्राणांमुळे. हे विसरून विनोदाला भलते श्रेय देऊ नये. परंतु हुकूमशहा पडण्याआधी त्याची भीती कोणाच्या तरी मनातून उतरावी लागते. त्या न्हाव्याच्या हातातले फडके, एवढेच विनोदाचे शस्त्र आहे. आणि ते चालवायला प्रेक्षकाने मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. पडद्यावरच्या हिंकेलला हसून घरी जाताना, उंचावलेल्या त्या हजारो हातांत आपला हात कधी होता काय, हेही स्वतःला विचारावे.