नियोजनवहीतील रंगीत शाई

आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयात एक जाड रोजनिशी असते. दळण, गॅसची टाकी, पालकभेट, डॉक्टरांची फेरी, परीक्षेची आवेदनपत्रे असे सर्व काही तिच्यात लिहिले जाते. सहा वर्षांपूर्वीच्या रोजनिशीतील डिसेंबर महिन्याचे एक पान आम्ही अद्याप जपून ठेवले आहे. त्या पानावर एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईत सात नोंदी आहेत. तिसरी नोंद तांदळाच्या पोत्यांची, पाचवी न्हाणीघराच्या दुरुस्तीस येणाऱ्या गवंड्याची आणि या दोहोंच्या मधली नोंद अकरावीतील एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्ती अर्जातील त्रुटी दूर करण्याच्या अखेरच्या दिवसाची. तांदूळ आला, गवंडीही आला. उत्पन्नाचा नवा दाखला मात्र आमच्या टेबलाच्या खणातच राहिला. त्या वर्षीची रक्कम बुडाली आणि मुलीच्या आईला मुकादमाकडून उचल घेऊन फी भरावी लागली.

ही चूक आमची होती. आम्ही तारीख लिहिलीच नसती, तर उपाय सोपा होता. तारीख लिहिलेली होती, ठळक अक्षरांत लिहिलेली होती, आणि त्या दिवशी सकाळी आम्ही ते पान उघडलेही होते. लिहिलेली गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, हे त्या दिवशी प्रथमच आम्हांस नीट कळले. आज आमच्या शाळेतील इयत्ता आठवीपासूनचा प्रत्येक विद्यार्थी जी नियोजनवही ठेवतो (मुले तिला ‘प्लॅनर’ म्हणतात), तिच्यातील रंगांची व्यवस्था या पानावरून सुरू झाली. माजी विद्यार्थी आणि पालक या व्यवस्थेविषयी वारंवार विचारतात, म्हणून ती येथे सविस्तर मांडीत आहोत.

लिखाणात दुसऱ्या रंगाचा उपयोग काही नवा नव्हे. आपल्याकडील हस्तलिखित पोथ्या पाहिल्या, तर मजकूर काळ्या शाईत आणि श्लोकांचे अंक, दंड, ‘उवाच’सारखे शब्द किंवा अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या लाल रंगात, असे पुष्कळदा आढळते. पाने न बांधलेल्या पोथीत हवे ते स्थळ चटकन सापडावे, ही त्यामागची सोय होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार लाल छापतात, तेही याच कारणासाठी. सरकारी कचेऱ्यांत तर शाईच्या रंगाला अधिकाराचा अर्थ आहे. केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीनुसार टिपणे निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावयाची असतात. हिरवी वा लाल शाई सहसचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित प्रसंगी, वापरावयाची असते. या ‘क्वचित’ शब्दाचे महत्त्व आम्हांस उशिरा उमगले.

कारण आमचा पहिला प्रयोग याच्या अगदी उलट होता. त्या वर्षी जूनमध्ये आम्ही मोठ्या उत्साहाने दहा रंगांच्या जेल पेनांचे संच आणले आणि विषयवार रंग ठरवून दिले: मराठीस जांभळा, गणितास लाल, विज्ञानास हिरवा, इतिहासास तपकिरी आणि असेच पुढे. मुलींच्या वह्या देखण्या झाल्या. एका वहीच्या प्रत्येक पानाला तर फुलांची वेलबुट्टी होती. पालकसभेत त्या वह्या सर्वांना दाखवून आम्ही कौतुकही करून घेतले. दिवाळीनंतर मात्र हिशोब केला, तेव्हा प्रयोगवही वेळेवर न देणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाइतकीच होती. काही मुले रविवारचा तासभर वही रंगविण्यात घालवीत आणि नियोजन झाले या समाधानात अभ्यासाला बसतच नसत. शिवाय जांभळा पेन शेजाऱ्याने नेला, म्हणून मराठीचा गृहपाठ लिहावयाचाच राहिला, अशीही सबब ऐकावी लागली.

असे का झाले, याचे उत्तर मानसशास्त्रात जुनेच आहे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने १९३३ साली दाखवून दिले, की सारख्या दिसणाऱ्या अनेक गोष्टींत एखादीच वेगळी असेल, तर ती अधिक लक्षात राहते. तिच्या वेगळेपणाचा सारा जोर भोवतालच्या सारखेपणावर अवलंबून असतो. पानावर दहा रंग असतील, तर भोवताल सारखा राहतच नाही आणि मग लाल हाही त्या दहांतील एक होऊन बसतो. आमच्या डिसेंबरच्या पानावर सर्व काही निळे होते, म्हणून तारीख दिसली नाही. या नव्या वह्यांत सर्व काही रंगीत होते आणि परिणाम तोच झाला.

दुसरी चूक याहून खोल होती. गणित आणि मराठी यांतला फरक मुलाला शब्द वाचताच कळतो. त्यासाठी रंगाची गरज नसते. जे शब्द वाचून कळत नाही, ते रंगाने सांगावयास हवे. ‘दाखला’ हा एकच शब्द पाहा. दाखला आज काढावयाचा आहे, की तो तलाठ्याकडे अडकला आहे, की उद्याच्या उद्या दिला नाही तर वर्ष वाया जाणार आहे, हे त्या शब्दावरून समजत नाही. तेव्हा कामाचा विषय कोणता, हा प्रश्न आम्ही सोडून दिला. ही नोंद चुकली तर काय होईल आणि ते काम कोणाच्या हातात आहे, हे दोन प्रश्न धरले.

त्यानुसार आता चारच साधने आहेत. निळा हा नित्याचा रंग. गृहपाठ, वाचन, कपडे धुणे, स्वयंपाकघरातील पाळी, घरी करावयाचा फोन, सारे निळ्यात. पानाचा बहुतेक भाग निळाच राहिला पाहिजे आणि तो तसा कंटाळवाणा दिसला, तरी आम्ही मुलांना त्यात फेरफार करू देत नाही. लाल शाई गेल्यावर परत न येणाऱ्या दिवसांसाठी: परीक्षा, आवेदनपत्राची मुदत, मुलाखत, लस. गृहपाठ एक दिवस उशिरा दिला तर शिक्षक रागावतील, पण घेतील. म्हणून गृहपाठ कितीही निकडीचा वाटला, तरी तो लाल नाही. यावर दरवर्षी वाद होतो. एका विद्यार्थ्याने क्रिकेटचा अंतिम सामना लाल शाईत लिहिला आणि तो दिवस परत येणार नाही असे आम्हांसच ऐकविले. त्याला आम्ही परवानगी दिली.

हिरवा रंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो आणि बाहेरच्या मंडळींना त्याचेच नवल वाटते. जे काम आपण आपल्या बाजूने केले आहे, परंतु जे आता दुसऱ्याच्या हातात आहे, ते हिरव्यात लिहावयाचे. जातीच्या दाखल्याचा अर्ज दिला, पोच मिळाली. काम झाले असे मुलाला वाटते आणि तो नोंदीवर काट मारतो. वस्तुतः ते काम संपलेले नसून केवळ नजरेआड झालेले असते. म्हणून काट मारण्याऐवजी त्याने पंधरा दिवस पुढच्या पानावर हिरव्या शाईत ‘दाखला आला का?’ असे लिहावे. तो आला नसेल, तर आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमची बहुतेक मुले अशा घरांतून येतात, जेथे कचेरीत खेटे घालणारे दुसरे कोणी नसते. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले, तर पाच-सहा महिने गावात नसतात. कागद कोणत्या टेबलावर थांबला आहे हे तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतः लक्षात ठेवणे हे त्या मुलांना शिकावेच लागते. हिरवी ओळ तेवढ्यासाठी आहे.

चौथे साधन म्हणजे साधी शिसपेन्सिल. ज्याची तारीख पक्की नाही, ते पेन्सिलीने लिहावे आणि पक्के झाले की योग्य त्या शाईने गिरवावे. खोडाखोडीने वही घाण दिसते आणि घाण वही मुले उघडत नाहीत, हा साधा अनुभव आहे. उष्णतेने पुसली जाणारी शाई हल्ली बाजारात मिळते. एका दात्याने तसे पेन भेट दिले होते. परंतु ती शाई साठ अंशांच्या सुमारास अदृश्य होते आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात, तापलेल्या ट्रंकेवर वह्या पडलेल्या असतात. ते पेन आम्ही नियोजनवहीसाठी वापरू दिले नाहीत.

ही व्यवस्था स्थिरावत असतानाच नववीतील एका मुलाने आम्हांस पुन्हा जमिनीवर आणले. त्याची वही नेहमी गोंधळलेली असे. लाल नोंदी हिरव्यात, हिरव्या लालमध्ये. दोनदा समज दिली, एकदा वर्गासमोर वही उंच धरून दाखविली. तो मान खाली घालून उभा राहिला. पुढे चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याला झाडाचे खोड आणि पाने एकाच रंगात रंगविताना पाहिले आणि त्यांच्या मनात शंका आली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतपासणी झाली, तेव्हा ठिपक्यांच्या चित्रांतील अंक त्याला दिसले नाहीत. ही चित्रे शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९१७ साली प्रसिद्ध केली आणि आजही जगभर तीच वापरतात. लाल व हिरवा यांतील भेद न कळण्याचा हा दोष बहुधा जन्मतः असतो. तो आईकडून मुलाकडे येतो आणि म्हणून मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांपैकी सुमारे एकाला तो असतो. भारतात प्रमाण याहून कमी मानले जाते, तरी शंभर मुलांच्या वसतिगृहात असा एखाद-दुसरा असणार, हे आम्ही आधीच गृहीत धरावयास हवे होते. त्या मुलाला आगगाडीचा चालक व्हावयाचे होते. ते आता होणार नाही हे त्याला सांगण्याचे काम आमच्यापैकी एकाला करावे लागले आणि वर्गासमोर उंच धरलेल्या त्या वहीबद्दल त्याची क्षमाही मागावी लागली.

तेव्हापासून आमच्या नियमात एक भर पडली. लाल नोंदीभोवती चौकट काढावयाची आणि हिरव्या नोंदीच्या आरंभी बाण. रंग दिसला नाही तरी चौकट दिसते. याचा लाभ पुढे सर्वांनाच झाला. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत; वहीची काळी-पांढरी छायाप्रत काढून घरी पाठविली, तर रंग उरतच नाहीत. आणि लाल रिफील संपलेली असेल, तर निळ्या शाईत चौकट काढून काम भागते.

आता थोडे साहित्याविषयी. जेल पेनची शाई पाण्यावर आधारलेली असते. ती उठावदार दिसते, परंतु वाळण्यास वेळ घेते आणि पावसाळ्यात ओल्या हाताने फिसकटते. बॉलपेनची शाई तेलकट, घट्ट आणि लवकर वाळणारी. नियोजनवहीसाठी म्हणून आम्ही बॉलपेनच सुचवितो. एकाच पेनमध्ये चार रंगांच्या कांड्या असलेले बॉलपेन १९७० साली फ्रान्समधील बिक कंपनीने आणले. त्या धर्तीचे स्वस्त पेन आता तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि एक पेन हरविला की चारही रंग हरवतात, एवढाच त्यांचा दोष. एक सावधगिरी मात्र हवी: दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेत निळी किंवा काळी शाई सोडून दुसरी चालत नाही. जानेवारीपासून आम्ही मुलांना हे रोज बजावतो, कारण लाल चौकटीची सवय हाताला लागलेली असते.

वह्यांचा खर्च वाचविण्याची आमची एक युक्ती सांगतो. दात्यांकडून, बँकांकडून जुन्या सालांच्या कोऱ्या रोजनिश्या येतात. त्या रद्दीत घालू नयेत. सामान्य वर्षाचे वार सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा जुळतात. २०१५ची रोजनिशी २०२६ला जशीच्या तशी चालते. न जुळतात ते चंद्रावर चालणारे दिवस. बुद्धपौर्णिमा २०१५ला ४ मे रोजी होती, २०२६ला ती १ मे रोजी आहे. असे छापील दिवस मुले पहिल्याच आठवड्यात खोडून नवी तारीख लिहितात. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर यांना हात लावावा लागत नाही.

दर शनिवारी सायंकाळी, वंदनेनंतर, पुढील आठवड्याची पाने भरण्यासाठी वीस मिनिटे दिली जातात. वसतिगृहाची रोजनिशीही त्याच वेळी, मुलांच्या समोर भरली जाते आणि त्यांपैकी एक जण तिच्यातील चौकटी मोठ्याने वाचून दाखवितो. हे वाचन आम्ही त्या डिसेंबरनंतर सुरू केले आणि आजवर एकाही शनिवारी चुकविलेले नाही.

सरासरी एका मुलाला वर्षभरात निळ्याच्या चार-पाच रिफिली लागतात. लाल रिफील एकच दिली जाते आणि ती मार्चपर्यंत पुरते. कोणी दुसरी मागावयास आला, तर रिफील देण्यापूर्वी आम्ही त्याची वही पाहावयास मागतो.