खोली हॉटेलचालकाची, भाव मध्यस्थाचा

कोकणच्या किनाऱ्यावर आठ-दहा खोल्यांचे निवासगृह चालविणाऱ्या एखाद्या गृहस्थाने दूरध्वनीवरून चौकशी करणाऱ्या ग्राहकाला दोनशे रुपये कमी सांगितले, तर त्यात गैर ते काय, असे कोणासही वाटेल. खोली त्याची, रिकामी राहिली तर नुकसान त्याचे, आणि रात्र उलटली की न विकलेली खोली नाशवंत मालासारखी कायमची वाया गेलेली. तथापि इंटरनेटवरून खोल्यांचे आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या करारनाम्यांत कित्येक वर्षे असे कलम होते की, हॉटेलने कंपनीला जो दर दिला असेल त्याहून कमी दर अन्यत्र कोठेही, किंबहुना स्वतःच्या संकेतस्थळावरही, लावू नये. यालाच दर-समानतेचे कलम म्हणतात. नाव मोठे निरुपद्रवी आहे; समानतेला विरोध कोण करील?

भारतात या कलमाचा निवाडा १९ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया या हॉटेलचालकांच्या महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ साली चौकशीचा आदेश दिला होता. तीन वर्षांनी आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबो या समूहास २२३ कोटी ४८ लक्ष रुपये आणि ओयो या कंपनीस १६८ कोटी ८८ लक्ष रुपये दंड ठोठावला. मेकमायट्रिप आणि गोआयबीबो हे एके काळचे प्रतिस्पर्धी. २०१७ च्या प्रारंभी ते एका छत्राखाली आले, आणि हॉटेलचालकाला एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची जी सोय होती ती त्या दिवशीच आटली. ओयोशी झालेल्या व्यापारी करारामुळे फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो ही दोन प्रतिस्पर्धी नावे या समूहाच्या यादीतून वगळली गेली, हा प्रकरणाचा दुसरा भाग. दर-समानतेची व खोल्यांच्या उपलब्धतेसंबंधीची बंधने करारातून काढून टाका, असा आदेश आयोगाने दिला. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिलाची वाट धरली, हे अशा प्रकरणांत ठरलेलेच.

दंडाची रक्कम वृत्तपत्रांत ठळकपणे छापली गेली. परंतु खरा प्रश्न दंडाचा नव्हताच. समजा, एक मध्यस्थ शंभर रुपयांमागे पंधरा रुपये दलाली घेतो आणि दुसरा पंचवीस. मोकळ्या बाजारात हॉटेलचालक पहिल्याकडे खोली स्वस्त ठेवील, ग्राहक तिकडे वळतील आणि दुसऱ्याला आपली दलाली उतरवावी लागेल. दर-समानतेचे कलम नेमकी हीच क्रिया थांबवते. खोली सर्वत्र एकाच भावाने विकायची असल्याने दलाली वाढविणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटत नाही, आणि कमी दलालीवर धंदा करू पाहणाऱ्या नवख्याला ग्राहकापुढे स्वस्त भाव ठेवता येत नाही. दलाली वाढली की हॉटेलचालक ती खोलीच्या भावात मिळवतो. तो वाढीव भाव मग थेट येणाऱ्या ग्राहकालाही भरावा लागतो, ज्याने मध्यस्थाचे तोंडही पाहिलेले नसते. शेतमालाची अडत कोणी भरावी यावरून २०१६ साली महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! तेथे निदान अडतीचा दर बाजारात सर्वांना ठाऊक होता. हॉटेलच्या पावतीवर दलाली कोठेच दिसत नाही.

जुन्या पिढीच्या वाचकांना १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा आठवत असेल. उत्पादकाने दुकानदारावर पुनर्विक्रीचा किमान भाव लादू नये, असा दंडक त्या कायद्यात होता. येथे चित्र उलटे आहे. दुकानदारच उत्पादकाला बजावतो की, तुझा माल तू स्वतःदेखील स्वस्त विकता कामा नये. तो जुना कायदा २००९ साली रद्द झाला आणि त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली.

मध्यस्थांची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, जाहिरात, छायाचित्रे, प्रवाशांचे अभिप्राय, पैसे भरण्याची व्यवस्था हा सर्व खर्च कंपनी करते. ग्राहकाने कंपनीच्या यादीत हॉटेल शोधावे आणि मग हॉटेलला परस्पर दूरध्वनी करून स्वस्तात खोली घ्यावी, हा फुकटेपणा झाला. तर्क म्हणून हे ठीक आहे. अनुभव मात्र वेगळे सांगतो. जर्मनीच्या स्पर्धा कार्यालयाने २०१५ च्या डिसेंबरात बुकिंग डॉट कॉम या कंपनीचे सौम्य स्वरूपातले कलमही, म्हणजे हॉटेलच्या केवळ स्वतःच्या संकेतस्थळापुरते असलेले बंधनही, निषिद्ध ठरविले. ड्युसेलडॉर्फच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली तो निर्णय फिरविला. पण मे २०२१ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने बंदी पुन्हा कायम केली. या काळात कलमाविना चाललेल्या कंपनीची जर्मनीतील उलाढाल आणि बाजारातील वाटा दोन्ही वाढल्याचे आढळले. फुकट्यांनी धंदा बुडेल ही भीती अशा रीतीने निराधार ठरली.

फ्रान्सने २०१५ साली कायद्यानेच या कलमांना मूठमाती दिली. ऑस्ट्रिया, इटली, बेल्जियम हे देश त्याच वाटेने गेले. १९ सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केले की, आरक्षणसेवा चालविण्यासाठी अशी कलमे अपरिहार्य आहेत असे मानता येत नाही. त्याआधीच, डिजिटल बाजारपेठांविषयीच्या नव्या युरोपीय कायद्याच्या दडपणाने, बुकिंगने युरोपात ती कलमे सोडून दिली होती. स्पेनच्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२४ मध्ये याच कंपनीला ४१ कोटी ३० लक्ष युरोंहून अधिक दंड केला.

परंतु जर्मन अनुभवाला दुसरीही बाजू आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. कलम गेले तरी कंपनीचे बळ कमी झाले नाही. याचे कारण मध्यस्थाची सत्ता करारातील एका कलमात नसून यादीतील क्रमांकात असते. शेकडो हॉटेलांच्या यादीत तिसऱ्या पानावर ढकलले गेलेले हॉटेल ग्राहकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ज्याने स्वतःकडे खोली स्वस्त ठेवली त्याला लेखी मनाई करण्याची गरज उरत नाही. त्याचे नाव खाली सरकले की पुरे. अधिक दलाली देणाऱ्यास अधिक ठळक स्थान देण्याच्या योजना या व्यवसायात राजरोस चालतात.

हा खेळ इंटरनेटच्या पूर्वीचा आहे. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या साहाय्याने उभारलेल्या सेबर या संगणकीय आरक्षणव्यवस्थेचे पडदे १९७६ पासून प्रवास-एजंटांच्या कचेऱ्यांत बसू लागले. पडद्यावर मालक कंपनीची विमाने वर आणि इतरांची खाली दिसत. एजंट बहुधा पहिल्याच पडद्यावरून तिकीट काढून मोकळा होई. अखेर १९८४ साली अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने या पक्षपाती मांडणीस मनाई केली. स्वतः विसर्जित होण्यापूर्वी त्या मंडळाने केलेल्या अखेरच्या कामांपैकी हे एक. ते नियम २००४ साली मागे घेण्यात आले, तोवर तिकिटांचा बाजार इंटरनेटवर येऊन स्थिरावू लागला होता. त्या नियमांपाठीमागचा विचार मात्र जुना झालेला नाही.

आपल्याकडे करव्यवस्थेने या प्रश्नाला नवी धार आणली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हॉटेलला मिळेनाशी झाली. तीन हजार रुपयांच्या खोलीवर २० टक्के दलाली धरली तर ती सहाशे रुपये होते आणि तिच्यावर १८ टक्के दराने १०८ रुपये कर पडतो. पूर्वी नोंदणीकृत हॉटेल ही रक्कम आपल्या करातून वळती करून घेई. आता ती निव्वळ खर्चात जाते. (नोंदणीची मर्यादा न गाठणाऱ्या लहान निवासगृहाला ती सवलत मुळात कधीच नव्हती.) म्हणजे थेट आलेला ग्राहक हॉटेलला ७०८ रुपयांनी अधिक लाभाचा. त्याला तीनशे रुपये सूट देऊनही मालकाकडे चारशे आठ रुपये उरतात. थेट विक्रीचे स्वातंत्र्य ही लहान हॉटेलाच्या बाबतीत तात्त्विक गोष्ट राहिलेली नाही, ती एवढ्या रुपयांची आहे.

आयोगाने २०२२ च्या आदेशात मंचावरील नोंदणीच्या अटी वस्तुनिष्ठ, पारदर्शक आणि भेदभावरहित ठेवण्यास सांगितले होते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापार नियमांतही क्रमवारीचे मुख्य निकष उघड करण्याचे बंधन आहे. परंतु निकषांची चार ओळींची जंत्री प्रसिद्ध करणे वेगळे आणि अमुक हॉटेल गेल्या महिन्यात चौथ्यावरून चाळिसाव्या क्रमांकावर का गेले याचा जाब देणे वेगळे. असा जाब विचारण्याचा हक्क हॉटेलचालकाला हवा, आणि उत्तर तपासणारी, संगणकाच्या हिशेबात शिरू शकणारी यंत्रणा आयोगापाशी हवी. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात मोठ्या मंचांना आगाऊ बंधने घालण्याची कल्पना होती. ती बंधने हॉटेलांच्या क्रमवारीपर्यंत पोहोचणार नसतील, तर कोकणातील त्या गृहस्थाच्या हाती त्यातून काही पडणार नाही.

दंडाचेही तसेच आहे. तो सरकारी तिजोरीत जातो. ज्यांनी वर्षानुवर्षे वाढीव दलाली भरली त्यांना त्यातला पैसाही मिळत नाही. युरोपात २०२५ साली दहा हजारांहून अधिक हॉटेलांनी एकत्र येऊन ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात बुकिंगकडून नुकसानभरपाई मागण्याची तयारी केली. आपल्या स्पर्धा कायद्यातही कलम ५३-एन अन्वये अपिलीय न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, आणि समान तक्रार असलेल्यांना एकत्रित अर्ज करण्याची मुभा आहे. आठ खोल्यांचा मालक एकटा दिल्लीची वाट धरणार नाही. त्याच्या संघटनांनी धरावी, आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून गेल्या काही वर्षांच्या दलालीच्या पावत्या आतापासूनच गोळा कराव्यात.