दृश्य बदलताना भिंत जाऊ नये!

आराखड्यात नडणारा खांब पडद्यावर ‘डिलीट’ केला, की तो साऱ्या इमारतीतूनच नाहीसा होतो. ‘रेव्हिट’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मजल्याचा नकाशा, छेद आणि दर्शनी बाजू ही एकाच प्रारूपाची निरनिराळी दृश्ये असतात. साहित्याचे तक्तेही त्यातूनच निघत असल्याने खांबाचे काँक्रीट हिशेबातूनही गळते. खांब नुसता नजरेआड करायचा असल्यास ‘हाइड इन व्ह्यू’ हा पर्याय आहे. लपवलेले घटक खालच्या पट्टीवरील दिव्याच्या चिन्हावर क्लिक करताच पुन्हा दिसतात.

न्हाणीघराच्या व्हेंटिलेटरबाबत नेमका उलटा घोटाळा होतो. नकाशाचा छेद सहसा जमिनीपासून १२०० मिलिमीटर उंचीवर असतो. त्याहून वर बसवलेला व्हेंटिलेटर नकाशात उमटत नाही आणि नवखा आरेखक, तो राहूनच गेला असे समजून, दुसरा बसवू पाहतो. वास्तविक ‘व्ह्यू रेंज’मध्ये छेदाची उंची वाढवली की काम भागते, ‘प्लॅन रीजन’ वापरल्यास ती तेवढ्याच कोपऱ्यापुरती वाढवता येते. असे प्रयोग मूळ दृश्याची प्रत काढून केलेले बरे. अर्थात, प्रत निघते ती दृश्याची, इमारतीची नव्हे. तिच्यात पुसलेली भिंत मूळ नकाशातूनही जाते.