वेगळ्या रंगाच्या जर्सीतली

७ सप्टेंबर २०२५ चा रविवार आठवतोय? आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. पुण्यातली मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच होती. पथकात ढोल वाजवून माझ्या हातांना फोड आले होते. तिकडे राजगीरला हॉकीच्या आशिया कपची फायनल होती आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण. एवढ्या सगळ्या गडबडीत, बँकॉकमध्ये महिला व्हॉलीबॉलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल चालू आहे हे तुम्हाला कळलं नसेल, तर तुमचा काही दोष नाही. मी ती बघितली. रूमवर, मोबाइलवर, हाताला बाम चोळत.

इटली विरुद्ध तुर्की. आधी एक छोटंसं गणित करा. सेटचे स्कोअर असे होते : २५-२३, १३-२५, २६-२४, १९-२५, १५-८. पहिला आकडा इटलीचा. आता बेरीज करून बघा. इटली ९८, तुर्की १०५.

मग कप कुणी नेला? इटलीनं!

क्रिकेटमध्ये १०५ करणारी टीम ९८ करणाऱ्या टीमकडून हरली, तर आपण अंपायरची कॉलर धरू. व्हॉलीबॉलमध्ये हे चालतं. कारण इथं बेरीज महत्त्वाची नसते, सेट महत्त्वाचे असतात. एखादा सेट तुम्ही १३-२५ असा सपशेल हरलात, तरी तो फक्त एकच सेट असतो. पुढचा परत शून्यापासून सुरू होतो. ही गोष्ट मला तीन वर्षांपूर्वी कुणी नीट समजावून सांगितली असती, तर फार बरं झालं असतं. ते का, ते पुढे सांगते.

तर त्या फायनलमध्ये स्कोअरबोर्डवर झळकणारी नावं बरीच होती. इटलीकडून पाओला एगोनू, मिरियम सिला. तुर्कीकडून मेलिसा वर्गास. ही मूळची क्यूबाची, आता तुर्कीची नागरिक आणि जगातल्या सगळ्यात खतरनाक अटॅकर्सपैकी एक. पण माझी नजर सतत एकाच मुलीवर जात होती. मुलगी म्हणतेय खरी, पण ती तेव्हा ३८ वर्षांची होती. मोनिका दे जेन्नारो. तिकडे तिला सगळे ‘मोकी’ म्हणतात. टीमपेक्षा वेगळ्या रंगाची जर्सी, उंची १७४ सेंटीमीटर. आपल्याकडे ही उंची ‘बापरे’ वाटेल, पण १९३ सेंटीमीटरच्या एगोनूशेजारी उभी राहिली की मोकी धाकटी बहीण वाटते.

जर्सी वेगळी का?

कारण ती लिबेरो आहे. ‘लिबेरो’ हा इटालियनच शब्द, अर्थ ‘मोकळा’. गंमत म्हणजे अख्ख्या कोर्टवर सगळ्यात जास्त बंधनं याच खेळाडूवर असतात. लिबेरोनं सर्व्हिस करायची नाही. ब्लॉकला उडी मारायची नाही. नेटच्या वर असलेला बॉल मारून पलीकडे टाकायचा नाही. महिलांचं नेट २.२४ मीटर उंच असतं. पुढच्या रांगेत खेळायचंच नाही, फक्त मागं. मोकळीक एवढीच, की रेफ्रीकडे बदली न मागता कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. म्हणून मॅचभर ती पळत आत जाते, पळत बाहेर येते.

हा नियम आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये १९९८ मध्ये आला. उंच अटॅकर्सचे फटके इतके जबरदस्त झाले होते की बॉल उचललाच जात नव्हता, रॅली सुरू होण्याआधीच संपत होती. म्हणून बॉल उचलण्यासाठीच एक स्पेशल माणूस ठेवायचं ठरलं.

आता विचार करा. समोरून ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगानं बॉल येतोय. तुमच्या बाजूचं कोर्ट फक्त नऊ मीटर लांब. म्हणजे हात कुठे न्यायचे हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. बॉल बघून धावलात तर उशीर झालेला असतो. मारणारीचा खांदा बघून, तिची उडी बघून, आपल्या ब्लॉकनं कुठली जागा झाकलीय ते बघून आधीच तिथं जाऊन उभं राहावं लागतं. आणि एवढं करून बॉल उचलला, तरी तो अचूक सेटरच्या डोक्यावर गेला पाहिजे. मग सेटर तो ठेवणार, अटॅकर मारणार, पॉइंट मिळणार आणि टाळ्या पडणार. त्या टाळ्या अटॅकरला.

लिबेरोच्या नावासमोर पॉइंट नसतो. चूक मात्र लगेच दिसते. तिच्या हातावरून बॉल उडाला की समोरच्यांचा एक पॉइंट, थेट बोर्डवर.

माझा मॅच पॉइंट

हे मी एवढ्या खात्रीनं लिहितेय, कारण मी लिबेरो होते. उंची पाच फूट एक. कॉलेजच्या सिलेक्शनला सर म्हणाले, “उंची नाही, पण गुडघे छान वाकतात तुझे. मागं खेळ.” मी खूश! घरी आल्यावर आई दर मॅचनंतर विचारायची, “किती पॉइंट काढलेस गं?” मी म्हणायचे, “शून्य.” ती बिचारी म्हणायची, “असू दे, पुढच्या वेळी निघतील.” तिला समजावण्याच्या भानगडीत मी कधी पडलेच नाही.

सेकंड इयरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची क्वार्टर फायनल होती. निर्णायक सेट आणि समोरच्यांचा मॅच पॉइंट. सर्व्हिस माझ्याकडे आली. साधीच होती. रोज अशा पन्नास उचलायचे. माझ्या मनगटाला लागून ती थेट प्रेक्षकांत गेली. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या ग्राउंडला माझं नाव कळलं.

कुणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सबमिशनचं कारण सांगून मी प्रॅक्टिसला गेले नाही. मग तिसऱ्या दिवशी. मग कधीच नाही. नी-पॅड्स कपाटाच्या तळाशी गेले.

तुमचंही असं काही असेल. नाटकातला ब्लॅकआउट चुकला म्हणून लाइट्स सोडलेले. एका व्हायवात ततपप झालं म्हणून त्या विषयाचं पुस्तकच बंद केलेलं. बॉल वेगळा, मनगट तेच.

नवरा समोरच्या बाकावर

आता परत बँकॉकला येऊ, कारण खरी सिनेमाची स्टोरी इथंच आहे. तुर्कीच्या बाकावर जो कोच उभा होता, डॅनिएले सांतारेल्ली, तो मोकीचा नवरा! खरंच. तोही इटालियन. आणि एवढंच नाही, तर इटलीतल्या कोनेलियानो क्लबचा तेव्हाचा कोचही तोच आणि त्या क्लबची लिबेरो मोकी. २०२५ मध्येच दोघांनी मिळून क्लबसाठी चॅम्पियन्स लीग जिंकली होती. म्हणजे तिच्या पासिंगमधली खोट जगात कुणाला माहीत असेल, तर त्यालाच. रोजची प्रॅक्टिस तोच घ्यायचा की!

सांतारेल्ली काही लेचापेचा कोच नाही. २०२२ मध्ये त्यानं सर्बियाला वर्ल्ड चॅम्पियन केलं. २०२३ मध्ये तुर्कीला नेशन्स लीग आणि युरोपियन चॅम्पियनशिप जिंकून दिली. त्या युरोपियन स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये तुर्कीनं हरवलं कुणाला? इटलीला. पाच सेटमध्ये.

मोकीच्या हरण्याची यादी तर वेगळीच. २०१८, योकोहामा, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. सर्बियाविरुद्ध पाचवा सेट, १२-१५. गेलं सोनं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये क्वार्टर फायनलला बाहेर. २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राझीलकडून सेमीफायनलमध्ये हार, हाती ब्राँझ. प्रत्येक वेळी ती जगातल्या सर्वोत्तम लिबेरोंमध्ये गणली जात होती, आणि प्रत्येक वेळी सोनं दुसऱ्याच टीमच्या गळ्यात.

मग २०२४ मध्ये टीमला नवा कोच मिळाला, हुलिओ वेलास्को. मूळचा अर्जेंटिनाचा. नव्वदच्या दशकात इटलीच्या पुरुष संघाला दोनदा वर्ल्ड चॅम्पियन करणारा. या सत्तरीतल्या आजोबांनी मुलींना तीनच शब्दांचा मंत्र दिला : इथे आणि आत्ता. मागचा पॉइंट गेला, तो गेला. पुढचा अजून आलेला नाही. हातात आहे तो हाच बॉल.

ऐकायला हे व्हॉट्सअॅपवरच्या सुविचारासारखं वाटतं, मान्य आहे. पण पुढचे आकडे बघा. पॅरिस ऑलिम्पिकचं सोनं, फायनलमध्ये अमेरिकेवर ३-०. २०२४ आणि २०२५ ची नेशन्स लीग. आणि बँकॉकमधली फायनल हा त्यांचा सलग ३६ वा विजय होता.

पाचवा सेट

त्या रविवारी मात्र दुसरा सेट १३-२५ असा गेला, तेव्हा मी मोबाइल उलटा ठेवून दिला होता. मला माहीत होतं ना, असा मार खाल्ल्यावर हातांचं काय होतं ते. बॉल येण्याआधीच ते घाबरतात. आदल्याच दिवशी ही टीम ब्राझीलविरुद्ध पाच सेट खेळून आली होती. त्यातला शेवटचा १५-१३. पायांत किती त्राण उरलं असेल?

तरीही तिसरा सेट त्यांनी २६-२४ काढला. चौथा परत गेला. दोन-दोन. पाचवा सेट फक्त १५ चा असतो, चुकीला जागाच नसते. योकोहामानंतर सात वर्षांनी मोकी परत त्याच वळणावर उभी होती, फायनलच्या पाचव्या सेटला. आणि समोर नवऱ्याची टीम.

१५-८. तुर्कीला उभंच राहू दिलं नाही.

इटलीला वर्ल्ड चॅम्पियनशिप २००२ नंतर पहिल्यांदा मिळाली. तुर्कीचंही कौतुक, या स्पर्धेतलं त्यांचं ते पहिलंच पदक. आणि आता गंमत ऐका. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू कोण ठरली? ना एगोनू, ना वर्गास. इटलीची सेटर अलेसिया ऑर्रो, म्हणजे दुसऱ्यांना बॉल ठेवून देणारी. आणि सर्वोत्तम लिबेरो मोकी. नॅशनल टीमच्या जर्सीतली तिची ती शेवटची मॅच ठरली.

मला सारखं एकच वाटत राहिलं. २०१८ च्या त्या १२-१५ नंतर तीही म्हणू शकली असती की, झालं आता, ठेवा ते नी-पॅड्स कपाटात.

तुमच्यासाठी एक होमवर्क

पुढची वर्ल्ड चॅम्पियनशिप २०२७ मध्ये आहे. ही स्पर्धा आता दर दोन वर्षांनी होणार आहे. पण तेवढं थांबायची गरज नाही. तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर संध्याकाळी नेट लागत असेलच. एक दिवस चहा घेऊन काठावर बसा. बॉल मारणाऱ्या हाताकडे बघू नका, त्याच्या आधीचे दोन टच बघा. बॉल कुणी उचलला? कुणी ठेवला? वेगळ्या रंगाच्या जर्सीतली ती मुलगी बॉल हातावर घेण्याआधी कुठे उभी होती? पाच मिनिटांत तुम्हाला अख्खा खेळ वेगळा दिसायला लागेल.

आणि काठावर बसलेल्या तुमच्यासारख्या कुणी तिच्या नावानं ओरडलं, “उचलला गं!” तर तिला किती बरं वाटेल, हे मला विचारा.

मी काय केलं? फार काही नाही. हातांचे फोड बरे झाल्यावर एका शनिवारी ग्राउंडवर गेले. आता मी कॉलेजच्या टीममध्ये नाही, फक्त जुन्या मैत्रिणींसोबत खेळते. पहिल्या दहा सर्व्हिसमधल्या सहा उडाल्या. सातव्या चुकीला आमची सेटर ओरडली, “मागचं सोड, हा घे!” आणि पुढचा बॉल आलाच.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, “किती पॉइंट काढलेस?”

या वेळी मी तिला शेजारी बसवलं, मोबाइलवर ती फायनल लावली आणि म्हटलं, “आई, ही वेगळ्या रंगाची जर्सी दिसतेय का तुला? फक्त हिच्याकडे बघ.”