वाहन अपघात : भरपाईचा दावा वेळेत करावा

मुंबईतील खारदांडा कोळीवाड्याकडून वांद्र्याच्या दिशेने किनाऱ्यालगत कार्टर रोड जातो. 12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे तेथे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर भरधाव मोटार गेली. 7 जण दगावले, 8 जखमी झाले. चालकाची 3 वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये कायम केली, म्हणजे फौजदारी खटला 5 वर्षांहून अधिक काळ चालला.

टेम्पोतून भाजी नेणारा शेतकरी असो की मासळी बाजाराला निघालेली कोळीण, कमावता माणूस जायबंदी झाला तर घर इतके दिवस थांबू शकत नाही. शेतकरी बंधू-भगिनींनो, थांबण्याची गरजही नसते. चालकाची शिक्षा आणि नुकसानभरपाई या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

दावा कोठे व केव्हा करावा?

मोटार वाहन कायदा 1988 अन्वये भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात. अपघात मुंबईत झाला तरी आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात 6 महिन्यांची मुदत घातली आहे. मुदत टळली असली तरी दावा सोडून न देता वकिलाचा सल्ला घ्यावा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख व गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी अपघात झालेल्या भागातील प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी.

वकील कसा नेमावा?

रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा ठरवून फी घेण्यास वकिलांना नियमाने मनाई आहे. ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, तेथे मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती व अपंग व्यक्तींना यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कोणते कागद जपावेत?

1) प्रथम खबरी अहवाल व पंचनाम्याची प्रत.
2) दवाखान्याची सर्व बिले, केसपेपर व अपंगत्वाचा दाखला.
3) वाहनाचा क्रमांक व विमा पॉलिसीचा तपशील.
4) उत्पन्नाचा पुरावा : सातबारा, आडत्याच्या पट्ट्या, दूध संस्थेची बिले, बँक पासबुक.

आपल्याच मालासोबत भाड्याच्या टेम्पोत बसला असाल, तर मालाची पावती अवश्य जपावी. 1994 च्या दुरुस्तीनंतर मालवाहू वाहनातील मालाच्या मालकाला विम्याचे संरक्षण आहे. फुकट बसलेल्या इतर प्रवाशांना ते सहसा मिळत नाही.

भरपाई कशी ठरते?

दाखल्यावरील अपंगत्वाचा टक्का जसाच्या तसा धरत नाहीत. त्या दुखापतीमुळे कमावण्याची शक्ती किती घटली हे पाहतात. पाय अधू झाला तर कारकुनाचे काम चालू शकते, नांगर धरणाऱ्याचे थांबते. म्हणून आपण कोणती कामे करत होतो, ते साक्षीत तपशीलवार सांगावे. जमीन कुटुंबाकडेच राहते, असा मुद्दा विमा कंपनी मांडते. त्यामुळे स्वतःचे कष्ट व देखरेख यांचे मोल, तसेच आता लावाव्या लागणाऱ्या गड्याची मजुरी दाखवणे महत्त्वाचे ठरते.

उदाहरणार्थ, 38 वर्षांच्या शेतकऱ्याचे स्वकष्टाचे उत्पन्न महिना 15,000 रुपये म्हणजे वर्षाला 1,80,000 रुपये आहे. कमाईची शक्ती 30 टक्के घटली, तर वार्षिक तोटा 54,000 रुपये होतो. 36 ते 40 वयासाठी गुणक 15 आहे. यानुसार 8,10,000 रुपये होतात. औषधोपचार, वेदना व बुडालेले दिवस यांची भरपाई वेगळी मागावी.

तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब वकिलाकडून मांडून घ्यावा. हातात पडणारी थोडी रोकड पाहून पुढील अनेक वर्षांच्या कमाईवर पाणी सोडू नये.