एका हीटरने गाव अंधारात: लहान वीजजाळ्यांचा तोल कसा राखला जातो

रायपूर : रायपूरमधील एखाद्या घरात पाणी तापवण्याचा हीटर सुरू झाला, तर वीज यंत्रणेला त्याची जाणीवही होत नाही. जंगलातील वस्तीत मात्र तेवढ्याच एका हीटरमुळे सगळ्या गावाचे दिवे मालवू शकतात. रायपूरस्थित छत्तीसगड राज्य अक्षय ऊर्जा विकास अभिकरण म्हणजेच ‘क्रेडा’ने मुख्य वाहिनी न पोहोचलेल्या शेकडो गावपाड्यांत सौर सूक्ष्म वीजजाळी उभारली, त्यांच्यापुढील मूळ प्रश्न हाच आहे.

विजेची मागणी आणि पुरवठा प्रत्येक क्षणी समान असावा लागतो. देशाच्या जाळ्यात हा तोल ५० हर्ट्झ या वारंवारतेवरून ओळखला जातो. मागणी अचानक वाढली, की कोरबासारख्या औष्णिक केंद्रांतील अवजड फिरती यंत्रे आपल्या गतीतील ऊर्जा देऊन काही सेकंदांची उसंत मिळवून देतात. सौर जाळ्यात फिरणारे काहीच नसते. तेथे वारंवारता आणि दाब दोन्ही इन्व्हर्टर ठरवतो आणि उणीव बॅटरी भरून काढते.

‘क्रेडा’ची बहुतेक जाळी १ ते ६ किलोवॉट क्षमतेची. समजा, २ किलोवॉटच्या जाळ्यावर ४० घरे आहेत आणि प्रत्येक घरात ११ वॉटचे दोन दिवे. एकूण भार ८८० वॉट. त्यात दीड किलोवॉटचा एक हीटर जोडला, की भार २,३८० वॉटवर जातो आणि इन्व्हर्टर स्वतःच्या बचावासाठी बंद पडतो.

हा धोका निदान लगेच दिसतो. दुसरा दिसत नाही. क्षमतेच्या आत राहूनही रोज थोडी जादा वीज वापरली गेली, तर शिसे-आम्ल बॅटरी वारंवार खोलवर रिकामी होते आणि तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांत हा ताण सर्वाधिक. ठरावीक पातळीखाली पुरवठा तोडणारा नियंत्रक बॅटरी वाचवतो; पण त्या रात्री अंधार अटळ असतो.

म्हणून या जाळ्यांची स्थिरता निम्मी तांत्रिक, निम्मी सामाजिक आहे. ‘क्रेडा’ने गावातच एक चालक नेमला, अनेक गावांमागे एक तंत्रज्ञ ठेवला आणि वरून देखरेख केली. घरटी महिना ५ रुपये ग्राहकाने व २५ रुपये राज्य शासनाने द्यावेत, अशी रचना होती. दर गरिबांना परवडणारा होता. मात्र सपाट दरात जादा वापरणाऱ्याला वेगळी किंमत मोजावी लागत नाही, ही त्याची उणी बाजू.

मुख्य वाहिनी गावात आली, तरी दोन्ही जाळी थेट जोडता येत नाहीत. दाब, वारंवारता आणि लहरींची लय जुळल्यावरच जोडणी सुरक्षित ठरते. शिवाय मुख्य पुरवठा खंडित होताच सौर संच वाहिनीपासून अलग व्हावा लागतो, नाहीतर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. शहरातील छतावरचा साधा सौर संच भरउन्हात वीज गेल्यावर बंद पडतो, तोही याच कारणाने.

रायपूरच्या पश्चिमेला राजनांदगाव येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या सौर प्रकल्पाला ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तास क्षमतेची बॅटरी जोडलेली आहे. दुपारचे ऊन साठवून सायंकाळच्या वाढत्या मागणीला ती पूर्ण क्षमतेने तीन तास वीज देऊ शकते. पाड्यावरची बॅटरी वर्षानुवर्षे हेच काम करत आली आहे.