पोटाचे माप

जुन्या मराठी घरात धान्य मोजायला मापे होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तोंडपाठ असे. कणगीतून तांदूळ काढताना ती माप भरून वरचा उंचवटा हाताने सपाट करी, आणि मगच सुपात ओती. तेच तांदूळ शिजून पानात आले, की मात्र मापाची भाषा संपत असे. पानात वाढायचे ते ‘पोटभर’. पोटभर म्हणजे नेमके किती, हे विचारणे हाच मुळी अन्नाचा आणि अन्नपूर्णेचा अपमान.

आपली भाषाही पाहा. भुकेसाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. पोटात कावळे ओरडतात, खड्डा पडतो, आग पडते. अति झाल्यावरही अडचण नाही. तडस लागते, पोटाचा नगारा होतो, अजीर्ण होते. या दोन टोकांच्या मध्ये जिथे थांबायचे, ती जागा दाखवायला मात्र आपल्याकडे एकच साधा शब्द आहे, ‘पुरे’. आणि त्या शब्दावर कोणाचाही विश्वास नाही. पाहुण्याने ‘पुरे’ म्हणायचे आणि यजमानाने ते ऐकल्यासारखे करून आणखी एक पुरणपोळी वाढायची, ही आपली रीत.

आपल्या पूर्वजांनी या मधल्या जागेचा विचार केला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘त्रिविधकुक्षीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. पोटाचे तीन भाग कल्पावेत, एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा ठेवावा, असे तिथे सांगितले आहे. वाग्भटाने चार भाग केले; दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि एक रिकामा. हे सांगणे सोपे आहे. पण जेवता जेवता, कितव्या घासाला तो रिकामा ठेवायचा भाग सुरू झाला, हे माणसाने ओळखायचे कसे?

हा प्रश्न पुस्तकी आहे असे मी समजत होतो. २०१८ साली माझ्या धाकट्या बहिणीवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तो आमच्या घरातला रोजचा, दुपारी साडेबाराचा आणि रात्री आठचा प्रश्न होऊन बसला.

तेव्हा ती ५३ वर्षांची होती. मधुमेह, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, असे सगळे एकामागून एक येऊन बसले होते. या शस्त्रक्रियेचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन या शल्यविशारदाच्या लक्षात आले होते, की व्रणामुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही. त्यातून १९६६ मध्ये त्यांनी लठ्ठपणासाठी पहिली ‘गॅस्ट्रिक बायपास’ केली. आज आपल्याकडे बरेचदा होते ती ‘स्लीव्ह’. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात, आणि अंगरख्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी मागे उरते. एक-दीड लिटर मावणारे पोट शंभर-दीडशे मिलिलिटरवर येते. म्हणजे आपली आमटीची एक वाटी.

वजनाचे निकष पूर्वी पाश्चात्त्यांच्या मापाचे होते. १९९१ मध्ये ठरलेला शरीरभार निर्देशांक ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५, हाच अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिले, की तेवढ्याच निर्देशांकाच्या भारतीय शरीरात चरबी कितीतरी जास्त असू शकते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ वर आणली गेली. त्यामुळे हा विषय आता चार श्रीमंतांचा राहिलेला नाही. तुमच्या-आमच्या सोसायटीत, एखाद्या जिन्यावर, कोणीतरी वाटीने मोजून जेवत असतेच.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पातळ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, अशा पायऱ्या असतात. बहिणीला सर्वांत चमत्कारिक वाटले ते हे, की भूकच लागत नव्हती. त्याला कारण आहे. भूक चेतवणारे ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणजे भुकेची घंटा बंद. शिवाय ताज्या शस्त्रक्रियेमुळे जठराचा ताण मेंदूला नीट कळत नाही, म्हणजे पोट भरल्याची खूणही विश्वासाची नाही. अशा वेळी करायचे काय? घड्याळ पाहायचे आणि माप घ्यायचे.

माप म्हणून तिने कपाटातून काय काढावे? मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी. आहारतज्ज्ञ मुलीने सांगितले होते, “काकू, लहान वाटी, लहान चमचा, आणि एका जेवणाला निदान वीस मिनिटं.” चमचाही मग उष्टावणाचाच निघाला. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. वाग्भटाचा पाण्याचा चौथा हिस्सा इथे जेवणापासून वेगळा काढावा लागतो.

पानाचा क्रमही उलटला. आपल्या पंगतीत पहिला येतो वरणभात. इथे भात शेवटी, आणि तोही जागा उरली तर. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केसांचे पुंजके हातात येतात. एका अंड्यात प्रथिने असतात सहा ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे आधी पनीर, अंडे, मासळी, घट्ट वरण, मग भाजी, मग पोळीचा चतकोर. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभराच्या.

तीन-चार महिन्यांनी पोट बोलू लागले. पण त्याची बोली नवी होती. तृप्तीची ढेकर ही आपली ओळखीची खूण. ती इथे फार उशिराची ठरते. छातीच्या हाडाखाली किंचित दाब, एक मोठा उसासा, एखादी उचकी, कधी चक्क नाकातून पाणी. ही खूण ओळखून थांबले तर ठीक. त्यानंतरचा एक घास, फक्त एक घास, अर्धा तास कासावीस करतो. तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि खाल्लेले वर येते. पाव आणि मऊ भात यांचा गोळा होऊन अडकतो. उलट आइस्क्रीम, बिस्किटे, शेव-फरसाण सहज खाली घसरते. नवे पोट पोळीला अडवते, पण आइस्क्रीमला वाट देते, हे या शस्त्रक्रियेचे मोठेच उपद्व्यापी कलम आहे.

बँकेत मी नव्या रोखपालांना नोटा मोजताना पाहत असे. दहा-पंधरा वर्षांनी अंगठ्याला शंभर नोटांची जाडी कळते. गड्डी हातात घेताच एखादी कमी आहे हे चांगल्या रोखपालाला जाणवते. तरीही तो मोजतो. जाणवणे आणि मोजणे ही दोन्ही कामे चालू ठेवावी लागतात. बहिणीचे तेच झाले. आधी वाटी, मग डोळा, मग पोट. आणि पोटाला कळू लागल्यावरही वाटी हाताशी.

खरी कसोटी मात्र पोटाची नव्हती. एके दिवशी ती मला म्हणाली, “दादा, तुला ठाऊक आहे? मी किती जेवते हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं.”

ते अक्षरशः खरे होते. लग्न होऊन ती मोठ्या घरात गेली. सगळ्यांची पाने झाली, की ती बसे. कढईत राहिलेली भाजी, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या कडेचा भात, एका माणसापुरते दुसऱ्या दिवशी ठेवून काय उपयोग म्हणून संपवलेली आमटी, हे तिचे जेवण. कधी ते अपुरे असे, बहुतेकदा जास्त. तिचा वाटा म्हणून कोणी काही वेगळे काढलेच नव्हते. ती घरातले शेवटचे भांडे होती. अशा बाईला ‘आपल्या भुकेकडे लक्ष द्या’ असे सांगणे म्हणजे तिने कधी न ऐकलेल्या आवाजाकडे कान द्यायला सांगणे.

आणि पानात टाकायचे नाही, हा संस्कार. नवव्या घासाला पोट ‘पुरे’ म्हणते, वाटीत दोन घास उरलेले असतात. ते टाकताना तिचे डोळे भरून येत. तिने मार्ग काढला तो असा, की अर्धी वाटीच घ्यायची. लागली तर पुन्हा घेता येते. पण दुसरा मार्ग आपोआप निघाला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. तिला जेवायला अर्धा तास लागायचा. ती शेवटी बसली, तर स्वयंपाकघर आवरायला तीन वाजत. तेव्हा सून म्हणू लागली, “आई, तुम्ही आधी बसा.” तीस वर्षांत ती प्रथमच पहिल्या पंगतीला बसली. तिचे पान कोणीतरी वाढले, आणि उरलेल्याचे काय करायचे हा प्रश्न घरातल्या सगळ्यांचा झाला. हे काही कोणत्याही शल्यविशारदाच्या कागदावर लिहिलेले नव्हते.

पोट भरणे ही गोष्ट केवळ पोटात घडत नाही, हे विज्ञानही सांगते. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्मृती गमावलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा ताट पुढे आले, तर ते पुन्हा जेवत, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या ताटालाही हात घालत. आपण जेवलो आहोत ही आठवणही आपल्याला थांबवते. २००२ मध्ये बार्बरा रोल्स यांच्या चमूने लोकांना मॅकरोनीचे लहान-मोठे वाढप दिले. एक किलोचे वाढप पुढे असताना लोकांनी अर्धा किलोच्या तुलनेत ३० टक्के जास्त खाल्ले, आणि पोट किती भरले हे विचारल्यावर उत्तरे मात्र जवळजवळ सारखीच दिली. धडधाकट पोटेही समोरचे ताट पाहूनच बोलतात.

वर्षभराने बहिणीची भूक परत आली. बहुतेकांची येते. नळी थोडी सैलावते आणि जुन्या सवयी दाराशी येऊन उभ्या राहतात. काही जणांचे वजन इथूनच पुन्हा चढते. तिचेही चार-पाच किलो चढले, मग थांबले. साखर मात्र आटोक्यात आहे आणि ती जिने चढते. २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनेही आपल्याकडे आली. तीही भूक मंदावतात. पण भूक मंदावल्यावर त्या थोडक्या जागेत काय आणि किती घालायचे, हे इंजेक्शन सांगत नाही, जसे सुरीने सांगितले नव्हते. ते शिकावेच लागते, आणि ते शिकताना भोवतीच्या माणसांनी साथ द्यावी लागते.

म्हणून लग्नसराई तोंडावर असताना एवढेच सांगणे. समोरच्याने पानावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हटले, तर त्यामागे संकोच आहे असे गृहीत धरू नका. कदाचित तो शब्द नेमका उच्चारायला त्या माणसाने दोन वर्षे घालवलेली असतील. डाव भांड्यात ठेवा, आणि शेजारी बसून गप्पा मारा. आग्रह करायचाच असेल, तर थोडे आणखी बसण्याचा करा.